जटाईच्या डोक्यावरचा भार

एक होती फण्या करणारी बाई. तिचं नाव ठकूबाई. डोंगराच्या पायथ्याशी बोरवंड नावाचं गाव होतं, तिथं ती राहायची. शिसवाचं लाकूड आणायचं, चिरायचं, एकेक दात पाडायचा, तेल पाजायचं आणि मग बाजारात नेऊन फण्या विकायच्या. नवरा दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेला होता. पदरात दोन मुली. थोरली सगुणा चौदा वर्षांची, धाकटी बकुळा आठ वर्षांची. दिवेलागणीच्या आधी तिघी अंगणात एकीमागे एक बसायच्या. ठकूबाई सगुणाची वेणी घालायची आणि सगुणा बकुळाची. कष्टाचं घर होतं, पण सुखाचं होतं, बरं का.

त्या गावाची देवी होती जटाई. डोंगरमाथ्यावर तिचं देऊळ. आणि त्या गावाची एक रीत होती. ती नीट ऐका हं, कारण सगळं दुःख तिच्यातूनच आलं. एखाद्या मुलीचे केस एकमेकांत गुंतले आणि त्यांची दोरखंडासारखी जट झाली, की गाव म्हणायचं, हिला देवीनं मागितलं. मग त्या जटेला तेल लावायचं नाही, पाणी लावायचं नाही, फणी तर नाहीच नाही. येत्या चैत्री पुनवेला मुलीला वाजतगाजत डोंगरावर नेऊन सोडायचं. तिनं तिथंच राहायचं. देवळाच्या पायऱ्या झाडायच्या. लग्न नाही, संसार नाही, पुन्हा आईच्या दारात येणं नाही. आणि जटेला कोणी हात लावलाच, तर त्याच्या घरातलं माणूस मरतं, असं सगळे सांगायचे. कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. पण सांगायचे मात्र सगळे.

तर एकदा काय झालं, बकुळाला कांजिण्या आल्या. अंगभर फोड, फणफणून ताप. तेव्हा लोक म्हणत, घरात देवी आली. आणि घरात देवी असली की फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत. एकवीस दिवस बकुळा कडुलिंबाच्या पाल्यावर निजून होती. तापानं डोकं इकडून तिकडे, तिकडून इकडे घासत होती. मग ताप उतरला. ठकूबाईनं लेकीला न्हाऊ घातलं, पुढ्यात बसवलं आणि केसांतून फणी फिरवली. ती मानेपाशी अडली. ठकूबाईनं केस वर उचलून पाहिले. मनगटाएवढी जाड जट.

ठकूबाईच्या हातातून फणी गळून पडली.

शेजारची चंद्राक्का कुंपणाशी उभी होती. दुपारपर्यंत गावभर झालं. "फणीवालीच्याच घरात जट! घ्या आता," ती पाणवठ्यावर म्हणाली. "जगाच्या डोक्याला फण्या पुरवते, आणि स्वतःच्या लेकीचं डोकं सांभाळता आलं नाही." संध्याकाळी पुजारीबुवा आले. दारातूनच त्यांनी जटेला हळदकुंकू वाहिलं आणि सांगितलं, "पुनवेला नऊ दिवस आहेत. तयारी करा."

सगुणा आईला म्हणाली, "आई, एकवीस दिवस विंचरलं नाही म्हणून गुंतलेत गं केस. मी सोडवते."

"हात लावू नकोस!" ठकूबाई ओरडली. मग हळू म्हणाली, "तुझा बाप गेला सगुणे. ही चालली. तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू?"

बकुळा सगळं ऐकत होती. तिला रीत कळत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "आई, डोंगरावर माझी वेणी कोण घालील?"



मग सगुणानं मनाशी ठरवलं. देवीनं मागितली म्हणतात ना, मग देवीलाच विचारू. पहाटे उठून, देवीला विचारून येते असं बकुळाच्या कानात सांगून, तिनं एक फणी कमरेला खोचली आणि डोंगराची वाट धरली.

पहिल्या वळणावर एक मेंढी काट्यात अडकून पडलेली. तिच्या लोकरीत गोखरूचे काटे घट्ट रुतलेले. सगुणानं मुळाशी धरून जोरात ओढलं. मेंढी कळवळली, आणि बरं का, माणसासारखी बोलली. "अगं, मुळाकडून ओढशील तर जीव जाईल माझा. टोकाकडून सुरू कर." मग सगुणानं टोकाकडून एकेक काटा सोडवला. मेंढी उठून अंग झाडून निघून गेली.

दुसऱ्या वळणावर एक रिठ्याचं झाड होतं. अमरवेलीनं त्याला असं आवळलं होतं की एक पान हलत नव्हतं. सगुणा वेल तोडायला गेली, तर झाड म्हणालं, "घाई करू नकोस बाळे. घाईत माझ्या फांद्याही तुटतील. कोणता धागा कुठून आलाय ते आधी बघ." मग सगुणा बसली. अर्धा दिवस गेला, पूर्ण दिवस गेला. सगळी वेल सुटली तेव्हा झाडानं अंग हलवलं आणि तिच्या ओच्यात रिठे सांडले. शेजारच्या काटेरी जाळीनं आपणहून शिकेकाईच्या शेंगा टाकल्या. तिलाही वाटलं असेल, आपणही काही द्यावं.

तिसऱ्या वळणावर झरा होता. पण शेवाळानं त्याचं तोंड बुजलेलं. काठावरचं शेवाळ उन्हानं वाळून दगडाला चिकटलं होतं. सगुणा नखांनी ओरबाडू लागली. आतून बारीक आवाज आला, "कोरडं ओढू नको गं. आधी भिजव. भिजलं की सुटतं." मग सगुणानं ओंजळीओंजळीनं पाणी शिंपडलं, आणि शेवाळ अलगद निघालं. झरा खळखळला. तिनं पानांचा द्रोण करून पाणी भरून घेतलं. त्या पाण्यात रिठे आणि शिकेकाई भिजत घातली.

झोपलात का रे? नाही? बरं. आता देऊळ आलं.

देवळाच्या पायऱ्यांवर पाच बाया झाडत होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर जट. कुणाची कमरेपर्यंत, कुणाची जमिनीपर्यंत. सगळ्यांच्या माना पुढे वाकलेल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी होती मंजुळामावशी. ती म्हणाली, "कुणाला शोधतेस पोरी?"

"देवीला."

"आत दगड आहे गं बाई. साठ वर्षं मी तिच्याशी बोलतेय. अजून हूं म्हणाली नाही."

तरी सगुणा गाभाऱ्यात गेली. आत अंधार होता. तिनं हात जोडून विचारलं, "जटाई, तू माझी बहीण मागितलीस का?" दगड गप्प. मग तिनं चाचपून देवीच्या पाया पडायला हात पुढे केला, तर बोटांना केस लागले. थंड, राठ, गुंतलेले केस. पायापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून छतापर्यंत, सगळा गाभारा एकाच जटेनं भरला होता. आणि त्या ओझ्याखाली एक बाई मान खाली घालून बसली होती.

सगुणा घाबरली. पण तिला बकुळाची मान आठवली. तिनं कमरेची फणी काढली आणि विचारलं, "विंचरू का?"

जटेखालून आवाज आला. "मला नारळ वाहिले, फुलं वाहिली, खण वाहिले. हे कोणी विचारलं नव्हतं."

मग सगुणानं शिकेकाईच्या पाण्यानं जट भिजवली. टोकाकडून सुरुवात केली. घाई केली नाही. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, पाच दिवस झाले. रोज बाहेरून मंजुळामावशी भाकरी आत सरकवायची. जटेतून काय काय निघालं! वाळलेली फुलं निघाली, पाखरांची घरटी निघाली. आणि मग बारीक बारीक वेण्या निघाल्या. लहान मुलींच्या. कुणाच्या टोकाला लाल दोरा, कुणाच्या टोकाला काचेचा मणी.

"ह्या कुणाच्या?" सगुणानं विचारलं.

"इथं आणून सोडलेल्या मुलींच्या," देवी म्हणाली. "मी एकही मागितली नाही. गावानं एकेक आणली आणि माझ्या डोक्याला बांधली. म्हणाले, तुझी आहे. मी आई आहे गं. आईला दुसऱ्या आईची लेक कशाला हवी? पण माझं कोण ऐकणार? मान वर करता येत नाही, तर आवाज लांब जात नाही."

सातव्या दिवशी शेवटची गाठ सुटली. फणीचे निम्मे दात मोडले होते. देवीनं मान वर केली. सगुणाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा, तुझ्या आईला सांग." मग समोर पुन्हा दगड होता. साधा, काळा दगड. पण त्याची मान ताठ होती.

सगुणा डोंगर धावत उतरली. पुनवेची सकाळ झाली होती. अंगणात ढोल वाजत होते. बकुळाला हिरवं लुगडं नेसवलं होतं. ते तिला मोठं होत होतं, म्हणून ती दोन्ही हातांनी सावरून उभी होती.

सगुणा मध्ये जाऊन उभी राहिली. "देवी म्हणाली, तिनं बकुळाला मागितलं नाही. कुणालाच मागितलं नव्हतं."

"देवी म्हणाली!" पुजारीबुवा हसले. "साठ साठ वर्षं सेवा करणारीशी बोलली नाही, आणि तुझ्याशी बोलली? खूण दाखव."

खूण कुठली असणार? हातात मोडकी फणी तेवढी होती. मग सगुणा बकुळाच्या मागे गेली. तिनं सगळ्यांसमोर जटेत दोन बोटं घातली. गर्दी मागे सरकली. जटेतून तिनं एक वाळकं पान काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं.

"आई, हे बघ. कडुलिंबाचा पाला. तापात ज्याच्यावर निजली होती ना, तोच. ही जट देवीनं नाही दिली. आपण विंचरलं नाही, म्हणून झाली."

ठकूबाई त्या पानाकडे बघत राहिली. ढोल थांबले. मन मानत होतं, पण भीती कुठे लगेच जाते? शेवटी ती जमिनीवर बसली आणि तिनं हात पुढे केला. "फणी दे सगुणे. आणि तू लांब हो. कुणी मरायचंच असेल तर मी मरते. माझ्या लेकीचे केस मी सोडवीन. बकुळे, ये. बस पुढ्यात."

सगुणा लांब झाली नाही. ती शेजारी बसून सांगत राहिली. "आधी भिजव, आई. टोकाकडून. घाई नको." ठकूबाईनं सकाळपासून दुपारपर्यंत आणि दुपारपासून ऊन कलेपर्यंत केस सोडवले. ढोलवाले ढोल उतरवून बसले. पुजारीबुवा उठून गेले. चंद्राक्का आधी तोंड फिरवून बसली होती. मग उठून घरी गेली आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. सूर्य टेकला तेव्हा बकुळाचे केस पाठीवर मोकळे झाले होते.

त्या दिवशी कोणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, तरी नाही.

आठव्या दिवशी दारात पाच बाया उभ्या राहिल्या. डोंगरावरच्या. मंजुळामावशीनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "ठकूबाई, माझी निघेल का गं?"

चौघींची निघाली. महिना लागला, पण निघाली. मंजुळामावशीची मात्र निघेना. साठ वर्षांची गाठ ती. सगुणानं तिला विचारून, तिच्या होकारानं, ती कात्रीनं कापली. मावशी आधी खूप रडली. मग तिनं मान वर केली आणि बराच वेळ नुसतं आभाळ बघत राहिली.

मग त्या कुठे गेल्या? कुठेच नाही. सुरुवातीला ठकूबाईच्या घरीच राहिल्या. सगुणानं त्यांना शिकेकाई कुटायला शिकवलं, तेल काढायला शिकवलं, पाच पेडांची वेणी, खोपा, अंबाडा, फुलांची जाळी, सगळं शिकवलं. बारा गावांच्या नवऱ्या मुली त्यांच्याकडे नटायला येऊ लागल्या. पुढे त्या बाया स्वतःचं कमावून स्वतःच्या घरात राहू लागल्या, आणि ज्यांना वाटलं त्यांनी लग्नंही केली. बोरवंडात पुन्हा कुणाची मुलगी डोंगरावर गेली नाही. जटाईला मात्र दर पुनवेला गावातल्या बाया पाळीपाळीनं न्हाऊ घालू लागल्या.

तर अशा सगळ्या सुखी झाल्या. तुम्हीही सुखी राहा. चला, उशा नीट करा, डोळे मिटा. झोपा आता.