सुरी आणि डोर्कसचं पुस्तक

फार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका घरात डोर्कस नावाच्या बाईचं औषधांचं पुस्तक होतं. ते तिला आईने दिलं होतं. पहिल्या पानावर तिने आपलं नाव लिहिलं होतं. ती वारली. तिला पुरून घरी येताच नवरा टेबलावरच्या धारदार सुरीला म्हणाला, "हे नाव खरवडून टाक. घर माझं, तर पुस्तकही माझंच."

सुरी खरवडू लागली. पुस्तक संतापलं, "त्याने मला एकदा तरी उघडलंय का गं?"

"मला काय त्याचं? बाईचं कसलं आलंय पुस्तक!" म्हणत सुरीने असा जोर लावला, की पानाला भोक पडलं. त्यातून खालच्या पानावरचं डोर्कसच्या आईचं नाव दिसलं.

"खरवड की तेही!" पुस्तक कडाडलं. "त्याच्या खाली आजीचं आहे."