साळूबाईची चुंबळ आणि एवीचं कडं

"ही माझी चुंबळ आहे!"

"हे माझं कडं आहे!"

"ही!"

"हे!"

"ही ही ही!"

"हसतेस काय गं, साळूबाई?"

"हसत नाहीये. भांडतेय!"

साळूबाई म्हणजे एक मुंगी. काळी. इवलीशी. मोहरीएवढी. पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली, की फडकंसुद्धा थबकायचं.

आणि एवी म्हणजे एक मुलगी. सातव्या मजल्यावर राहायची. घर नवंकोरं. दारं नवीकोरी.

नाताळ आला होता. एवीने दारादारावर कडं टांगलं होतं. हिरव्या पानांचं गोल गोल कडं. त्याला लाल फीत. नाताळात टांगतात ना, तसं.

मोठ्या दाराला मोठं कडं.

खोलीच्या दाराला छोटं कडं.

फ्रीजच्या दाराला कडं. बाथरूमच्या दारालासुद्धा कडं!

मग राहिलं काय? बाहुलीच्या घराचं दार. एवढंस्सं. त्याला एवढंस्सं कडं कुठून आणायचं?

एवीने स्वयंपाकघराच्या खिडकीत पाहिलं. कुंडीपाशी गवताचं एक गोल वेटोळं पडलं होतं. अगदी एवढंस्सं! एवीने ते उचललं. त्याला लाल दोऱ्याची गाठ मारली. बाहुलीच्या दारावर टांगलं.

झालं. भांडण!

कारण ते वेटोळं साळूबाईचं होतं. ती होती तिची चुंबळ.

चुंबळ ठाऊक आहे ना? डोक्यावर हंडा घ्यायचा, तर आधी काय ठेवतात? कापडाची गोल गुंडाळी. तीच चुंबळ. मग हंडा डुगडुगत नाही. डोकं दुखत नाही. साळूबाईची चुंबळ गवताची होती. तिने ती स्वतः वळली होती. कुणी शिकवलं नव्हतं.

साळूबाईला सापडला होता साखरेचा एक दाणा. पांढरा. चकचकीत. बाळांच्या नाताळासाठी! दाणा होता खाली, कुंडीमागे. घर होतं वर, खिडकीच्या चौकटीतल्या फटीत. वर चढायचं, तर दाणा डोक्यावरच न्यायला हवा. आणि चुंबळ नसली, तर दाणा घसरणार. टप्!

"दे माझी चुंबळ," साळूबाई म्हणाली.

"आणि माझ्या बाहुलीचं दार बोडकं ठेवू?" एवी म्हणाली. "दुसरं कडं आण. मग देते."

"आणते. बघच तू!"

आणि साळूबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत भेटलं गवत. कुंडीतलं.

"गवता रे गवता, एक पातं दे. मी त्याचं कडं वळते."

"का गं, साळूबाई?"

"एवी कडं मागते, चुंबळ देत नाही.
चुंबळ नाही, तर दाणा नाही.
दाणा नाही, तर नाताळ नाही.
बाळं बसलीत वाट बघत!"

गवताने मान हलवली. कुर्र कुर्र वाजली.

"मी बघ कसा वाळलोय. वाळकं पातं वळत नाही, मोडतं. पाणी आण. मग देतो."

"तुला तहान लागली, तर हाक नाही मारायची?"

"मारली. कुणी ऐकलीच नाही."

साळूबाईला वाईट वाटलं. पण थांबायला वेळ कुठे होता? तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत भेटला नळ. स्वयंपाकघरातला. चकचकीत, वाकड्या मानेचा.

"नळा रे नळा, थेंबभर पाणी दे."

"का गं, साळूबाई?"

"गवत पाणी मागतं, पातं देत नाही.
एवी कडं मागते, चुंबळ देत नाही.
चुंबळ नाही, तर दाणा नाही.
दाणा नाही, तर नाताळ नाही.
बाळं बसलीत वाट बघत!"

नळाने तोंड उघडलं. फुस्स्स!

"हे काय? ही तर हवा!"

"टाकी रिकामी, मी काय करू? खाली पंप लावायला सांग. मग देतो."

"एवढा चकचकीत, आणि पोटात नुसती हवा!" साळूबाई म्हणाली.

नळ लाजला. फुस्स.

साळूबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. दाराच्या फटीतून बाहेर. लिफ्टच्या फटीतून आत. घुंऽऽऽऽ... खाली!

लिफ्टने काहीसुद्धा मागितलं नाही. ती शहाणी होती.

खाली भेटले बाबलकाका. इमारतीचे वॉचमन. डोक्यावर माकडटोपी. हात काखेत. दात कडकड, कडकड.

"काका हो काका, पंप लावा."

"का गं, साळूबाई?"

"नळ पंप मागतो, पाणी देत नाही.
गवत पाणी मागतं, पातं देत नाही.
एवी कडं मागते, चुंबळ देत नाही.
चुंबळ नाही, तर दाणा नाही.
दाणा नाही, तर नाताळ नाही.
बाळं बसलीत वाट बघत!"

"लावला असता गं," बाबलकाका म्हणाले. "पण थंडी काय पडलीय! बोटं बघ, काकडीसारखी गार. बटण दाबायला जातो, तर बोट दुमडतच नाही. गरम चहा आण. मग लावतो."

"टोपी घातलीत, हातमोजे कुणी घालायचे?"

"मोजे धुतलेत गं. वाळायचेत."

साळूबाई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. लिफ्टच्या फटीतून आत. घुंऽऽऽऽ... वर!

स्वयंपाकघरात भेटली आजी. एवीची आजी. ओट्यापाशी उभी. नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती. चुर्र, चुर्र, चुर्र. काय वास! खोबऱ्याचा! वेलचीचा!

ओट्यावर मुंगी दिसली. आजीने फडकं उचललं.

"आधी ऐक, मग पूस!" साळूबाई ओरडली.

फडकं थबकलं.

"बोल," आजी म्हणाली.

"आजी गं आजी, चहा कर."

"का गं, साळूबाई?"

"काका चहा मागतात, पंप लावत नाहीत.
नळ पंप मागतो, पाणी देत नाही.
गवत पाणी मागतं, पातं देत नाही.
एवी कडं मागते, चुंबळ देत नाही.
चुंबळ नाही, तर दाणा नाही.
दाणा नाही, तर नाताळ नाही.
बाळं बसलीत वाट बघत!"

"अगं बाई बाई!" आजी म्हणाली. "कळशीत पाणी आहे. दूध आहे. आलं आहे. पण साखर? सगळी साखर केकमध्ये गेली. उरलेली नेवऱ्यांत गेली. हा बघ डबा."

खडखड, खडखड. डब्यात नुसता चमचा.

"नाताळच्या दिवशी त्या माणसाला बिनसाखरेचा चहा देऊ? मला नाही जमायचं ते. साखर आण. मग करते."

साळूबाई निघाली. तुरु... तुरु... तुरु...

आणि थांबली.

साखर? साखर कुठे होती?

साखर होती कुंडीमागे. एकच दाणा. पांढरा. चकचकीत.

साळूबाई दाण्यापाशी गेली. त्याच्याकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, स्वतःशीच,

"आजी साखर मागते, चहा करत नाही.
काका चहा मागतात, पंप लावत नाहीत.
नळ पंप मागतो, पाणी देत नाही.
गवत पाणी मागतं, पातं देत नाही.
एवी कडं मागते, चुंबळ देत नाही.
चुंबळ नाही, तर दाणा नाही..."

पुढचं तिच्याने म्हणवेना.

दाणा ठेवला, तर वर नेता येत नाही. दाणा दिला, तर न्यायला काही उरत नाही. आता काय करायचं?

तिने वर पाहिलं. फटीतून इवल्या इवल्या मिशा हलत होत्या.

"आई, आणलंस?"

"आणते रे राजांनो, आणते!"

मग तिला आठवलं. गवताला तहान लागली होती. नळाच्या पोटात हवा होती. काकांची बोटं गारठली होती.

"बरं!" साळूबाई म्हणाली.

तिने दाण्याला डोकं लावलं. वर न्यायला चुंबळ लागते. खाली न्यायला काय लागतं? नुसता धक्का! दाणा घरंगळला. गडगड, गडगड, गडगड. खिडकीतून ओट्यावर. थेट आजीपुढे.

"ही घे साखर."

"एवढीशी?"

"आहे तेवढी सगळी."

आजीने साळूबाईकडे पाहिलं. दाण्याकडे पाहिलं. दाणा दोन बोटांत अलगद उचलला. चहात टाकला. टुब्!

आणि मग काय झालं?

आजीने चहा केला. बशीच्या काठावर साळूबाई बसली. लिफ्टमध्ये आजी, आजीच्या हातात बशी, बशीवर साळूबाई. घुंऽऽऽऽ... खाली!

बाबलकाकांनी चहा घेतला. फुर्र, फुर्र, फुर्र.

"अहाहा! काय गोड झालाय हो, आजी! किती साखर घातलीत?"

आजी म्हणाली, "होती तेवढी सगळी."

काकांची बोटं गरम झाली. काकांनी बटण दाबलं. टक्! पंप लागला. घर्र, घर्र, घर्र.

टाकी भरली. नळ खोकला. फुस्स, फुस्स, खळाखळाखळा! साळूबाईने एक थेंब घेतला. डोक्याने ढकलला. टुळुक टुळुक, टुळुक टुळुक.

गवत थेंब प्यालं. गटक्! मग आजीने तांब्याभर ओतलं. गवत हिरवं झालं. ताठ झालं. त्याने सगळ्यांत मऊ पातं दिलं.

साळूबाईने पातं ओढत नेलं. सर्र, सर्र, सर्र. बाहुलीच्या घरापाशी बसली. वळलं, दुमडलं, खोचलं. वळलं, दुमडलं, खोचलं. झालं कडं! हिरवंगार! एवढंस्सं!

"घे तुझं कडं."

"घे तुझी चुंबळ," एवी म्हणाली.

लाल दोऱ्याची गाठ तशीच होती. एवी ती सोडायला गेली.

"राहू दे," साळूबाई म्हणाली. "बरी दिसते."

साळूबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली. ऐटीत निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. खिडकीत आली. कुंडीमागे गेली.

कुंडीमागे काहीच नव्हतं.

डोक्यावर चुंबळ होती. चुंबळीवर काही नव्हतं.

एवी मागून आली. तिने वाकून पाहिलं.

"साळूबाई, रडतेस?"

"मी? छट्! मुंग्या रडत नाहीत."

"मग डोळ्यांत काय गेलं?"

"चहाची वाफ."

एवी पळत आजीकडे गेली. धपधप, धपधप. आजीच्या कानात कुजबुजली. खुसुखुसु, खुसुखुसु.

आजीने ताटातली पहिली नेवरी उचलली. अजून कुणी चाखली नव्हती. एवीनेसुद्धा नाही! आजीने ती मोडली. कुडुम्!

आतून निघालं खोबरं. वेलची. खसखस. आणि साखरच साखर!

"जिने घरातली शेवटची साखर दिली," आजी म्हणाली, "तिच्या बाळांना पहिली नेवरी."

एवीने तुकडा उचलला. साळूबाईच्या चुंबळीवर ठेवला. अलगद, अगदी अलगद. केवढा तुकडा! साळूबाई दिसेचना! नुसता तुकडाच चालत होता, भिंतीवरून, वर, वर, वर. तुरुतुरु, तुरुतुरु.

घसरला का? नाही.

डुगडुगला का? नाही.

एवी स्टुलावर चढली. फटीशी नाक लावून बघू लागली.

"आई आली! आई आली!" इवल्या मिशा धावत बाहेर आल्या. कुरुम, कुरुम, कुरुम. एका बाळाच्या नाकाला खोबरं लागलं. एक बाळ खसखशीवरून घसरलं. एक बाळ खाता खाताच झोपलं.

साळूबाईने डोक्यावरची चुंबळ उतरवली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग फटीच्या तोंडाशी, चौकटीच्या एका बारीक कुसळाला अडकवली. लाल गाठ समोर आली. छान दिसली.

"बघ, बघ!" एवी ओरडली. "कडंच आहे ते!"

"चुंबळ आहे ही!"

"हे!"

"ही!"

"हे हे हे!"

"हसतेस काय गं?"

"भांडतेय!" एवी म्हणाली. आणि खरंच हसली. मग हळूच विचारलं, बाळ झोपलं होतं ना, म्हणून अगदी हळू. "साळूबाई, खरं सांग ना. ही चुंबळ आहे, की हे कडं आहे?"

साळूबाईने एका बाळाच्या नाकाचं खोबरं पुसलं. दारातल्या लाल गाठीकडे पाहिलं. आणि म्हणाली,

"अगं वेडाबाई, डोक्यावर घेतली की ती चुंबळ, आणि दारावर टांगलं की ते कडं!"