घोरपडीची आंघोळ

कोळीवाड्यातल्या भाग्यानं पैज लावली आणि मी ती घेतली, तिथंच सगळं बिनसलं. राजांच्या लाडक्या जहाजाच्या डोलकाठीला म्हाताऱ्या माणसाची काठी बांधून दाखवायची, अशी पैज. जहाजाचं नाव घोरपड. हल्ली ती इतकी रेंगाळायची की कोळ्यांच्या होड्या तिला मागं टाकून, मासे विकून परतसुद्धा यायच्या. दुपारी पहारेकरी घोरत होते. मी आज्याची काठी उचलली, वर चढले आणि बांधून आले.

राजे गंभीरराव सज्जात आले तोवर सगळं बंदर खिदळत होतं. राजे हसले नाहीत. काठी जप्त केली, बांधणारा सापडला तर त्याला तिथंच उलटा टांगतो म्हणाले, आणि दर्यापार निरोप धाडले : जुनी जहाजं नवी करून देणारे पाहिजेत.

झालं. हॉलंडचा वलंदेज आला, फिरंगी आला, मस्कतचा अरब आला. एक म्हणे तोफा वाढवा, एक म्हणे डोलकाठी वाढवा, तिसऱ्यानं शिडाच्या कापडाचे तागेच उलगडले. शेजारच्या राजानं काय घेतलं ते आधी सांगायचे, म्हणजे आमच्या राजांनी त्याहून जास्त घ्यावं. परत जाताना आम्ही काय घेतलं ते त्याला सांगणार, हे तर उघडच होतं.

राजांनी मगर नावाचं दुसरं जहाज वलंदेजाला दिलं. त्यानं तिच्यावर वीस तोफा आणि एक डोलकाठी चढवली. मग माझ्या बाबांना, म्हणजे गोदीतले सुतार बाबल मेस्त यांना, निरोप आला की आता तुमचं काम नाही. बाबांनी घरी येऊन रंधा कोपऱ्यात ठेवला आणि जेवलेच नाहीत. काडी लावली मी, चटका त्यांना.

मी तशीच दरबारात गेले. म्हटलं, आमची घोरपड तुमच्या मगरीला हरवेल.

राजांना चेव चढला. "बरं पोरी, पुढच्या पुनवेला शर्यत. बेटाला वळसा घालून परत. पण घोरपडीला नवा खिळा लावायचा नाही, नवी फळी नाही, वीतभर नवं कापड नाही. हरलीस तर तुझ्या बापानं गोदीत पाऊल टाकायचं नाही."

"आणि काही काढलं तर चालेल?"

"काढ की. म्हाताऱ्या जहाजातून आणखी काय काढणार?" सगळा दरबार हसला.

आमच्या बंदरात एक खुळा रिवाज होता. राजांचं जहाज चिखलात टेकवायचं नाही, मान जातो म्हणे. कोळी दर दोन महिन्यांनी होड्या चिखलावर आडव्या घालून बूड खरवडतात. घोरपड सात वर्षं पाण्यातनं बाहेर आली नव्हती. बाबा दरवर्षी विनवायचे, कारभारी दरवर्षी हाकलायचा.

या वेळी राजांनीच 'काढ की' म्हटलेलं, त्यामुळं कारभाऱ्याला अडवता येईना. अमावस्येच्या भरतीला आम्ही घोरपड खाडीत नेली. ओहोटी लागली तशी ती चिखलात कुशीवर कलंडली, आणि तिचं पोट बघून बाबांनी कपाळाला हात लावला. कालवांचा नुसता डोंगर! सगळा कोळीवाडा कोयते घेऊन आला. दोन दिवस खरवडत होतो, आणि दोन दिवस गावात घरोघरी कालवांचं सुकं होतं.

पुनवेला दोन्ही जहाजं सुटली. तोफांच्या ओझ्यानं मगर डुगडुगत बेटापर्यंत पोचली, तेव्हा घोरपड वळसा घालून अर्ध्या वाटेत परत आली होती.

राजांनी मला बोलावलं. मी शिंपल्यांच्या चाळीस टोपल्या त्यांच्यापुढं ओळीनं मांडल्या.

"राजे, आलेला जो तो लावायला आला. काढायला कोण आलं? तुमचं जहाज म्हातारं झालं नव्हतं. तुम्ही त्याला सात वर्षं आंघोळ घातली नव्हती."

मग राजे हसायला लागले. वलंदेज हळूच आपली कागदं गुंडाळायला लागला. राजांनी बाबांना गोदीचा मुख्य केलं आणि मला म्हणाले, "आता तुला काय पाहिजे ते माग."

मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "ती जप्त केलेली काठी द्या. आमच्या आज्याची आहे. तेव्हापासून उंबऱ्यावर बसून मला शिव्या घालतोय."

राजांचं हसू थांबलं. "म्हणजे ती तुझ्या आज्यानं बांधली होती?"

"त्याला काठीशिवाय परसात जाता येत नाही, राजे. डोलकाठीवर कुठला चढतोय?"

"मग?"

सांगून टाकलं. "मीच चढले होते."

राजे पुन्हा हसले, एवढे की पगडी तिरकी झाली. मला मात्र त्यांनी उलटं टांगलं नाही. आज्याच्या काठीला चांदीची मूठ तेवढी बसवून दिली.