रोलर कोस्टरची रांग

"आमच्या रोलर कोस्टरला रांगच नाही!" उद्यानाचे मॅनेजर धामणकर माईकवरून फुशारकी मारत होते. "मोबाइलवर नंबर लावा आणि मजेत फिरा. कुणी रांग दाखवलीच, तर त्याला आत्ताच्या आत्ता पहिल्या डब्यात बसवतो!"

सकाळी नंबर लावूनही हौसाबाईंची पाळी आली नव्हती. त्या बाकावरून उठून तडक पुढे गेल्या, धामणकरांकडून माईक घेतला आणि म्हणाल्या, "रोलर कोस्टरचा नंबर लावून ताटकळलेल्यांनी हात वर करा बरं!"

भेळेच्या गाडीपासून झाडाखालच्या बाकांपर्यंत हातच हात वर झाले.

"ही बघा तुमची रांग. गेली कुठं नाही, नुसती पांगलीय."

धामणकरांनी पहिल्या डब्याची साखळी काढली. "या, बसा."

"या सगळ्यांच्या आधी?" हौसाबाईंनी पदर खोचला. "मी रांग दाखवली, ती काय मोडायला?"

आणि ताठ मानेने त्या आपल्या बाकावर जाऊन बसल्या.