वासरांची ठकाई

डोंगरात गाडीवाट व्हायच्या कितीतरी आधी घडलेलं हे. आंबेखोऱ्यात तेव्हा माणसांपेक्षा गुरं जास्त होती आणि गुरांपेक्षा वाघाची भीती जास्त होती. म्हणून गाय व्याली की तीन दिवसांचा चीक, म्हणजे तिचं पहिलं घट्ट दूध, वाघोबाच्या दगडावर जायचा. उरेल त्याचा खरवस घरोघर वाटायचे. वासरानं मध्येच तोंड लावून देवाचं उष्टं करू नये, म्हणून त्याला मुसकं बांधायचे.

त्या गावची गुरं ठकाबाई वळायची. तिचा नवरा दरीत पडून गेला होता. तिला एकच मूल झालं होतं. बाळंतिणीचं पहिलं दूध वाईट, ते मातीत पिळायचं, अशी तेव्हाची रीत. म्हाताऱ्यांनी तिला तीन दिवस पिळायला लावलं आणि बाळाला नुसतं मधाचं बोट चाटवलं. बाळाला हगवण लागली. सहाव्या दिवशी ते गेलं. ठकाबाईचं दूध मात्र महिनाभर वाहत राहिलं, असं म्हणतात.

मग एका पावसाळ्यात गावात वासरांची हगवण शिरली. सकाळी उड्या मारणारं वासरू दिवस मावळायच्या आत मान टाकायचं. डोळे खोल जायचे, कातडं हाडाला चिकटायचं. पोटात पाणी गेलं की हगवण वाढते असं सगळे समजायचे, म्हणून त्याचं पाणीही तोडायचे. रोज कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यामागं खड्डा.

जगलं एकच वासरू, बांड्या गाईचं. ती रानात व्याली होती, आणि ठकाबाई पोचेपर्यंत वासरू पोटभर पिऊन उभं होतं. पुढं त्यालाही हगवण लागली, पण ते ओढ्याचं पाणी पीत राहिलं आणि तगलं. ठकाबाई त्याच्याकडं बघत राहिली. बघता बघता तिला आपलं बाळ आठवलं, मातीत पिळलेलं दूध आठवलं. तिला सगळं कळलं होतं.

ती दारोदार सांगत सुटली, "बायांनो, पहिला चीक वासराला पाजा. हगवण लागली तर पाणी तोडू नका."

बाया हसल्या. "स्वतःचं एक जगवता आलं नाही, निघाली गावाची जगवायला!"

तिची जाऊ धोंडाबाई म्हणाली, "ठके, गप बस गं. देवाच्या तोंडचं काढू नकोस."

"देवाला भूक लागली तर तो चार डोंगर हिंडून खाईल गं. वासरानं कुठं हिंडायचं?"

मग तिनं कुणाला विचारलंच नाही. गाय व्याली की ती गोठ्यात शिरायची, मुसकं काढायची, वासराचं तोंड सडाला लावायची. हगवण लागलेल्या वासराला बांबूच्या नळीनं गूळ-मिठाचं पाणी पाजायची, घोट घोट, दिवसभर. असं म्हणतात, ती येईपर्यंत गाई कळा धरून ठेवायच्या. असं म्हणतात, मारकी गायसुद्धा तिच्यापुढं पाय हलवायची नाही. तिचा हात लागलेली एकोणीस वासरं जगली.

पण एके दिवशी वाघानं हैबती पाटलाचा बैल मारला. एकोणीस वासरं गाव विसरलं.

पाटील म्हणाला, "हिनं देव उपाशी ठेवला. आता हिला कळू दे उपास काय असतो. वाघोबापुढं तीन दिवस बसवा. आणि हिलाच मुसकं बांधा!"

हात मागं बांधले, तोंडाला वासराचं मुसकं बांधलं. श्रावणातलं ऊन पडलं. तिनं धोंडाबाईकडं पाहिलं. धोंडाबाईच्या डोक्यावर भरलेली घागर होती. ती मान खाली घालून घरी गेली.

असं म्हणतात, पहिल्या दिवशी वाघ आला, तिचे तळवे चाटून गेला. दुसऱ्या दिवशी साऱ्या गावच्या गाई दावी तोडून आल्या. तिच्याभोवती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सडांतून आपोआप धारा लागल्या. तिच्या गुडघ्यांपर्यंत दूध साचलं. मुसक्यातून तिला एक घोटही घेता आला नाही. माणसांतलं कुणी तिकडं फिरकलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुसकं सोडलं तेव्हा तिनं मान टाकली होती. डोळे खोल गेले होते. कातडं हाडाला चिकटलं होतं. गावातल्या प्रत्येकानं असं वासरू पाहिलं होतं.

त्या आठवड्यात पाटलाची गाय व्याली. पाटलिणीनं नवऱ्यादेखत वासराला चीक पाजला.

आज आंबेखोऱ्यात पहिला चीक वासराचाच. त्याला ठकाईचा घोट म्हणतात. बाई बाळंत झाली की सासूच म्हणते, "ठकाईचा घोट दे गं आधी," आणि बाळाला छातीशी लावते. वाघोबाशेजारी ठकाईचा दगड आहे. श्रावणात तीन दिवस प्रत्येक घरची बाई त्यावर भरलेली घागर ओतते. एवढं पाणी, की खालच्या पायवाटेचा ओहोळ होतो.

पोरं विचारतात, "आजे, दगडाला एवढं पाणी कशाला?"

म्हाताऱ्या घागर पालथी करतात आणि म्हणतात, "तेव्हा द्यायचं राहिलं."