झुंबरची न हलणारी लेन्स

खडकवळण नावाच्या गावात झुंबर नावाचा एक भोळा फोटोग्राफर राहत होता. गावात दुसरा फोटोग्राफर नव्हता, म्हणून लग्नाला, बारशाला, जत्रेला त्यालाच बोलवायचे. झुंबरचा हात थरथरायचा. फोटो हलायचे. एका नवरीला त्याच्या फोटोत दोन नाकं आली होती आणि तिच्या सासूनं दोन्हींना नावं ठेवली होती.

झुंबरची बायको कौसा म्हणायची, "अहो, भिंतीला टेकून काढत जा की."

झुंबरला ते पटायचं. पण एकदा तो तालुक्याला उबाळेशेठच्या दुकानात गेला आणि शेठनं त्याच्यापुढं एक लेन्स ठेवली.

"झुंबरराव, हिच्यात स्टॅबिलायझेशन आहे," शेठ म्हणाले. "तुमचा हात इकडं हलला की आतली काच तिकडं सरकते. हात हलतो, फोटो हलत नाही."

"भिंतीला टेकलं तर?"

"लग्नाला काय भिंत घेऊन जाणार?"

झुंबरनं लेन्स उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाला, "आणि समजा हात हललाच नाही, तर?"

"तर मग हिचा काय उपयोग? उगीच पैसे घातले म्हणायचे."

झुंबरनं हे मनात पक्कं धरलं. घरी आला, दुभती म्हैस विकली आणि लेन्स आणली. कौसा रिकाम्या गोठ्याकडं बघत बसली.

पहिलंच काम बारशाचं निघालं. झुंबरनं कॅमेरा डोळ्याला लावला. नेमका त्या दिवशी त्याचा हात थरथरेना. दगडासारखा हात! झुंबर घाबरला. हात हलला नाही तर पैसे पाण्यात गेले. मग त्यानं हात मुद्दाम हलवला. तेवढ्यानं पैसे वसूल होतील असं वाटेना, म्हणून खांदे हलवले. मग कंबर हलवली. मग पाळण्याभोवती उड्या मारायला लागला.

बाळाच्या आजीनं हे पाहिलं. तिनं पटकन हात जोडले.

"अगं, अंगात आलंय त्याच्या! हळद-कुंकू आणा!"

झुंबरच्या कपाळाला मळवट भरला. बायका पाया पडल्या. आजीनं विचारलं, "देवा, माझी बोरमाळ कुणी घेतली?"

"हलू द्या!" झुंबर ओरडला. "मला हलू द्या!"

"हालूबाईनं घेतली म्हणतोय," कुणीतरी म्हणालं. हालूबाई शेजारीच बसली होती. बारशात हाणामारी झाली.

फोटो छापून आले. पाळणा कुठं संपतो आणि आत्या कुठून सुरू होते, ते कळत नव्हतं. झुंबर ते घेऊन शेठकडं गेला.

"शेठ, म्हशीचे पैसे गेले. मी इतका हललो, तरी फोटो हलले."

शेठनं कपाळाला हात लावला. "अहो, ती थोडी थरथर सांभाळते. उड्या कुठून सांभाळणार? आणि पाळणासुद्धा हलत होता ना? समोरचंच हलत असेल तर लेन्स बिचारी काय करणार?"

"मग मी काय करू?"

"तुम्ही हलू नका. समोरच्यालाही हलू देऊ नका."

"असं आधी सांगायचं ना," झुंबर म्हणाला, आणि हेही मनात पक्कं धरून घरी आला.

पुढं जत्रा आली. जत्रेत कुस्त्या होत्या. शेवटची मोठी कुस्ती कौसाचा भाऊ मल्हारी आणि शेजारच्या गावचा एक पैलवान, यांची. मल्हारी साधा पोरगा. मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही, एवढं त्याला ठाऊक. कुस्ती रंगली. मल्हारीनं त्या पैलवानाला कमरेत धरून उचललं. आता आपटणार! सगळं गाव उभं राहिलं.

झुंबर कॅमेरा घेऊन आखाड्यात घुसला.

"मल्हारी! हलू नकोस!"

मल्हारीनं बघितलं. दाजी सांगतायत. तो जागच्या जागी थांबला.

"दाजी, किती वेळ?" त्यानं विचारलं.

"मी सांगेपर्यंत!"

समोरच्या पैलवानाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यानं मल्हारीच्या मानेला हात घातला, पाय अडकवला, आणि मल्हारी चितपट झाला. खाली पडल्यावरही मल्हारी हलला नाही. दाजींनी अजून सांगितलं नव्हतं.

फोटो मात्र सुरेख आला. मल्हारीच्या अंगाला लागलेल्या तांबड्या मातीचा कण न् कण दिसत होता. झुंबरच्या आयुष्यातला तो पहिला स्पष्ट फोटो. त्यानं तो कौतुकानं गावकऱ्यांना दाखवला. गावकऱ्यांनी त्याला बडवत वेशीपर्यंत पळवत नेलं. कौसा तर त्याला जेवायला वाढायची, पण ताट जमिनीवर आपटून.

झुंबर पुन्हा शेठकडं.

"शेठ, समोरच्याला हलू दिलं नाही. तरी मार खाल्ला."

"अहो, कुस्तीत माणसाला थांबवतात का?" शेठ ओरडले. "हलणारं टिपायचं असेल तर वेग वाढवायचा! वेग!"

शेठ शटरचं बोलत होते. कॅमेऱ्यावरच्या चकतीवर त्यांनी बोटही ठेवलं होतं. पण झुंबर त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"किती वाढवू?"

"जमेल तेवढा."

"असं आधी सांगायचं ना," झुंबर म्हणाला.

थोड्या दिवसांनी सरपंचांच्या पुतण्याचं लग्न लागायचं होतं. नवरदेव घोडीवर बसला होता. पुढं बँड, मागं बायका. घोडी एक पाऊल टाकायची, थांबायची, मान हलवायची. झुंबरनं कॅमेऱ्यातून बघितलं. हलतंय. हलतंय म्हणजे वेग वाढवायला पाहिजे. त्यानं घोडीच्या मागं जाऊन तिच्या पुठ्ठ्यावर सणकून थाप मारली.

वेग वाढला.

बँडवाले दोन्ही बाजूंना उडाले. घोडी नवरदेवाला घेऊन नदी ओलांडून गेली. त्याच संध्याकाळी पलीकडच्या गावात तिची दुसऱ्या लग्नाची सुपारी होती. शहाणी घोडी. वेळेआधीच तिथल्या मंडपात जाऊन उभी राहिली. तिथल्या बायकांनी नवरदेवाला ओवाळलं, उतरवून घेतलं, पाटावर उभं केलं. बिचारा धापा टाकत होता, त्याला बोलताच येईना. अंतरपाट खाली आला तेव्हा त्याला बोलता आलं.

"ही कोण?" तो म्हणाला.

नवरीचा बाप काठी घेऊन उठला. नवरदेवाला परत आणायला सरपंचांना स्वतः जाऊन पाया पडावं लागलं.

परत आल्यावर सरपंचांनी झुंबरला बोलावलं. "झुंबऱ्या, पुढच्या महिन्यात माझ्या पोरीचं लग्न आहे. कौसानं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, म्हणून काम तुला देतोय. एक फोटो जरी हलला, तर गावात तुझा धंदा बंद. तालुक्याचा फोटोग्राफर आणीन."

झुंबरची झोप उडाली. तो शेठकडं धावला.

"शेठ, आता शेवटचं सांगा. फोटो हलू नये म्हणून काय करू?"

शेठच्या दुकानात नुकताच नवा माल आला होता. त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? नुसतं लेन्समध्ये असून भागत नाही. स्थिरपणा बॉडीतच पाहिजे. बॉडी स्थिर, तर सगळं स्थिर. नवीन बॉडी घ्या."

कॅमेऱ्याला दुकानदार बॉडी म्हणतात, हे झुंबरला माहीत नव्हतं. तो आजवर कॅमेऱ्याला कॅमेराच म्हणत आला होता. त्यानं स्वतःच्या छातीवरून हात फिरवला.

"नवी कशाला? आहे ती चांगली आहे की."

गिऱ्हाईक निसटलं म्हणून शेठ चिडले. "मग आहे तीच पक्की करा!"

"असं आधी सांगायचं ना," झुंबर म्हणाला.

लग्नाच्या आदल्या सकाळी तो गवंडी सोपानला घेऊन शाळेच्या पटांगणात गेला. मंडप उभा राहत होता. झुंबरनं स्टेजच्या बरोबर समोरची जागा निवडली.

"इथं खड्डा घे, सोपाना. मी आत उभा राहतो. गुडघ्यापर्यंत सिमेंट ओत."

सोपाननं त्याच्याकडं बघितलं. "आणि नंतर?"

"नंतर मी हलत नाही."

मजुरी रोख होती. सोपाननं जास्त विचारलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "पाणी मारत राहा, नाहीतर तडे जातील."

कौसाला कळलं तेव्हा सिमेंट धरलं होतं. ती आली, कपाळ बडवून घेतलं, मग छत्री आणून त्याच्या डोक्यावर बांधली, भाकरी भरवली आणि झारीनं पायांवर पाणी घातलं. शाळेची पोरं रोप बघायला यावीत तशी बघायला आली.

लग्नाच्या दिवशी सरपंच मंडपात आले. बघतात तर स्टेजच्या तोंडाशी सिमेंटचा ओटा आणि ओट्यात झुंबर. वऱ्हाड अडखळत होतं. एक मावशी तर त्याच्या गळ्यातच पडली.

"याला बाजूला करा!" सरपंच ओरडले.

चौघांनी ओढलं. आठांनी ओढलं. झुंबर आनंदानं म्हणाला, "बघा सरपंच! आहे का काही हलतंय?"

मुहूर्त जवळ आला होता. सरपंचांनी दात खाल्ले. "हा हलत नाही ना? मग मंडप हलवा!"

मंडपवाल्यांनी स्टेज उचललं आणि पटांगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, चिंचेखाली नेलं. वऱ्हाडही तिकडं गेलं. मंगलाष्टकं तिकडं झाली, अक्षता तिकडं पडल्या. झुंबर एकटाच इकडं, एकामागून एक फोटो काढत होता. एकही फोटो हलला नाही. प्रत्येक फोटोत समोर मोकळं पटांगण होतं, पटांगणाच्या शेवटी एक चिंच होती, आणि चिंचेखाली ज्वारीच्या दोन दाण्यांएवढी नवरा-नवरी होती.

उबाळेशेठ लग्नाला आले होते. जेवण करून, विडा चघळत ते झुंबरकडं आले. त्यांनी फोटो बघितले, ओटा बघितला, लांबची चिंच बघितली. लगेच त्यांच्यातला दुकानदार जागा झाला.

"झुंबरराव, तुम्हाला लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे. एक साधी आहे. एक स्टॅबिलायझेशनवाली आहे, पण ती दुप्पट महाग. तुम्हाला साधी चालेल. तुम्ही आता कुठं हलताय?"

कौसा झारी खाली ठेवून झुंबरकडं बघत राहिली.

झुंबरनं मान वाकवून आपल्या पायांकडं बघितलं. मग शेठच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला, "महागाचीच द्या, शेठ. सिमेंटचा काय भरवसा?"