न काढलेली डिस्क

एका कॉम्प्युटरात पूर्वी सिस्टिमआजोबांचं राज्य होतं. त्यांनी आपल्याच पोटात एक खोटा कॉम्प्युटर थाटला आणि त्यात लिनक्स नावाच्या पोरसवदा सिस्टिमला बसवलं. ज्या डिस्कवरून त्याला बसवलं, ती मात्र आतच ठेवली. त्यामुळे रोज सकाळी मशीन सुरू होताच लिनक्स पुन्हा पहिल्यापासून बसायचा आणि कालचं सगळं पुसलं जायचं. त्याला ना कुणाची सोबत, ना कुणाची आठवण.

"कार्टं काही शिकतच नाही," आजोबा सगळ्यांना सांगायचे.

"मग डिस्क काढा की, आजोबा!" एकदा माउस म्हणाला.

"काढली तर माझ्यावाचून उभा राहील ना तो!"

लिनक्सने ते आतून ऐकलं. मशीन बंद होत आलं होतं. उद्या उठल्या उठल्या भांडायचंच, त्याने ठरवलं.

सकाळी नव्याकोऱ्या लिनक्सने आजोबांना वाकून नमस्कार केला.